उथळ पाण्यात धनुष्यबाणाने मासेमारी: ठाण्यात, नवी मुंबईत जमेल का?

कळव्याचा_तिरंदाज

नमस्कार मंडळी. काही वर्षांपासून रिकर्व्ह धनुष्य चालवतो. स्पर्धेबिर्धेसाठी नाही, हौस म्हणून. सध्या यूट्यूबनं डोकं फिरवलंय. अमेरिकेत लोक सपाट बुडाच्या होडीवर उभे राहून गुडघाभर, मांडीभर पाण्यातले मासे बाणाने टिपतात. धनुष्यालाच रीळ बसवलेलं, बाणाला दोरी. बाण लागला की दोरी ओढायची, मासा हातात.

जेवढं समजलंय ते आधी लिहितो, म्हणजे तेच पुन्हा कुणी सांगायला नको. नेहमीचा कार्बनचा बाण इथे चालत नाही. भरीव फायबरग्लासचा जड बाण लागतो, कारण हलक्या बाणाचा जोर पाण्यात शिरताच संपतो. मागे पिसं नसतात. हवेतलं अंतर जेमतेम पाच-सात मीटर, तेवढ्यात पिसांचं काही काम नाही, आणि पाण्यात ती उलट बाणाला अडवतात. टोकाला उलटे काटे, म्हणजे मासा सुटत नाही. ताण चाळीस पाउंडांच्या आसपास पुरतो. धनुष्यावर साइट (नेम धरायची खूण) बहुतेक जण लावतच नाहीत, मासा नेम धरायला वेळ देतो कुठे!

आता प्रश्न. आपल्याकडे हे कुठे करता येईल? ठाणे खाडी, उल्हास, येऊरचे ओढे, शहापूर-मुरबाडकडच्या नद्या, काहीही सुचवा. कायदा काय म्हणतो? आणि कुणी स्वतः केलंय का?

(मासे खाणं पाप की पुण्य यासाठी कृपया वेगळा धागा काढावा. मी तिकडे येणार नाही.)

गढूळ_पाणी

खाडीत?? अहो, तुम्ही कळव्याचेच ना? पुलावरून कधी खाली बघितलंय का? त्या पाण्यात हात कोपरापर्यंत घातला तर स्वतःची बोटं दिसायची नाहीत, तुम्ही मासा टिपायच्या गोष्टी करताय.

कळव्याचा_तिरंदाज

पुलाखालचं पाणी रोजच बघतो हो. पण आत कुठे, ओहोटीला, एखाद्या शांत फाट्यात नितळ पाणी मिळत असेल असं वाटलं.

निवटी

दादा, खारीन मासा डोल्यान दिसत नाय, त्याचा माग दिसतो.

पुढचं सगळ्यांना कळेल असं लिहितो. मी सारसोळ्याचा, आमच्या घरात खाडी तीन पिढ्यांची. ठाणे खाडीचा तळ म्हणजे निव्वळ चिखल. दिवसातून दोनदा भरती आत येते, दोनदा ओहोटी तो गाळ ढवळून बाहेर काढते. उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं. नितळ व्हायला त्याला उसंतच नाही. ओहोटीला शांत फाटे असतात, बरोबर, पण त्यात गाळ जास्त, पाणी कमी.

म्हणून आमच्याकडचं एकही हत्यार डोळ्यावर चालत नाही. बोय पाण्यावर कशी खळबळ करते ते बघून पाग, म्हणजे हातानं फेकायचं जाळं, टाकायचा. डोल, म्हणजे पिशवीसारखं जाळं, लावायची ती ओढीच्या तोंडाला, मासा आपोआप येतो. चिंबोरी बिळातून आकड्याने काढायची, बिळाच्या तोंडावरच्या खुणेवरून आत आहे की नाही ते कळतं. निवटीला, म्हणजे चिखलातल्या छोट्या माशाला, तर हातच पुरतो, आणि निवटी पाण्याबाहेर चिखलावर बसलेली असते. तिला बाण मारणार असशील तर मार, पण नंतर बाण आणायला मांडीभर चिखलात तूच उतरायचंस.

शेवग्याची_शेंग

निवट्यांचं कालवण... आंबोशी घातलेलं... विषय भरकटवल्याबद्दल क्षमस्व.

गढूळ_पाणी

क्षमा नाही, कृती द्या.

पारसिककर

कायद्याचं मी सांगतो, कारण ही हौस लोकांना फुकटची महागात पडू शकते.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२. त्यात 'शस्त्र' कशाला म्हणायचं याची व्याख्या दिली आहे. बंदुका, स्फोटकं यांच्या जोडीला त्यात धनुष्यबाण थेट नाव घेऊन आहे. गळ, जाळी, सुऱ्या, विष, फासे हेही आहेत. कलम ३१ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही. मारणं लांबच राहिलं, नुसतं घेऊन जाणंही नाही. राष्ट्रीय उद्यानालाही तेच लागू.

आता तुमची यादी घ्या. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथले ओढे बाद. खाडीचा ऐरोली ते वाशी पुलांच्या मधला पश्चिमेकडचा पट्टा २०१५ पासून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे, जवळपास १७ चौरस किलोमीटर. २०२२ मध्ये ते रामसर यादीतही, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलं. तो बाद. शहापूरकडे तानसा अभयारण्य, तेही बाद. कांदळवनांना स्वतंत्र संरक्षण आहे. धरणांत आणि तलावांत बऱ्याच ठिकाणी मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे असतो, त्यामुळे तिथे गळ टाकायचा तरी विचारून. उरल्या मोकळ्या नद्या आणि खाजगी शेततळी. शेततळ्याच्या मालकाची परवानगी असेल तर तुमचा मार्ग बराच सोपा.

कळव्याचा_तिरंदाज

@पारसिककर, हे खरंच माहीत नव्हतं. धनुष्याची बॅग घेऊन येऊरला पळायला जाण्याचा बेत होता, तो रद्द.

अपूर्णांक

वा, शेवटी माझ्या विषयाचं काहीतरी निघालं. तुमच्या पोस्टमध्ये सगळ्यात महत्त्वाची गोष्ट राहून गेली आहे. मासा दिसतो तिथे नसतो.

उजेड पाण्यात शिरताना किंवा बाहेर येताना वाकतो, ते अपवर्तन. पाण्याचा अपवर्तनांक १.३३. अगदी वरून, सरळ खाली बघितलं तर मासा खऱ्या खोलीच्या पाऊण खोलीवर दिसतो. पण दिशा बदलत नाही, त्यामुळे सरळ खाली मारलेला बाण लागतोच. गोम तिरकं बघण्यात आहे. समजा मासा ३० सेंटीमीटर खोल आहे आणि तुमची नजर पाण्यावर ४५ अंशांनी पडते. पाण्यात शिरल्यावर तो किरण उभ्या रेषेशी ३२ अंश करतो. तुम्ही नजरेच्या रेषेत बाण सोडलात तर तो माशाच्या ११ सेंटीमीटर वरून जातो. बोय एवढी जाड नसते.

आता अजून लांबून, अजून तिरकं बघा. नजर उभ्या रेषेपासून ७० अंश झुकलेली. मासा तेवढाच खोल. आता बाण १९ सेंटीमीटर वरून जाईल. म्हणजे जितकं लांबून, तितकं जास्त खाली मारायचं, आणि जितका मासा खोल, तितकं आणखी खाली. खोली दुप्पट झाली की चूक दुप्पट.

बादलीत तिरकी काठी धरून हे मुलांना दाखवतो, तरी परीक्षेत निम्मे जण किरण उलट्या बाजूला वाकवतात.

ओहायोतला_ठाणेकर

अपूर्णांक सरांना दंडवत. इथे आम्ही हेच गणित न करता वापरतो. ढोबळ नियम असा: मासा दहा फुटांवर आणि एक फूट खोल असेल तर चार इंच खाली. अंतर दुप्पट तर आठ इंच, खोली दुप्पट तरी आठ इंच. सरांचं ११ सेंटीमीटर म्हणजे साधारण तेवढंच आलं बघा.

मी नौपाड्याचा, आता इथे बरीच वर्षं. बोफिशिंग करतो, अगदी नियमित नाही. काही गोष्टी व्हिडिओत दिसत नाहीत त्या सांगतो.

पहिली दोरी. नवखे लोक दोरी बाणाच्या मागच्या भोकात बांधतात. बाण सोडताना ती धनुष्याच्या प्रत्यंचेत किंवा रिळात अडकली की बाण ताणलेल्या दोरीनं माघारी येतो, थेट तोंडावर. यावर उपाय म्हणून बाणावर एक सरकती कडी असते. धनुष्य ताणलेलं असताना कडी पुढच्या टोकाशी, म्हणजे दोरी सगळी धनुष्याच्या पुढे राहते आणि प्रत्यंचेजवळ फिरकतच नाही. बाण सुटला की कडी मागे सरकते. ती नसेल तर या भानगडीत पडू नका. हात जोडून सांगतो.

दुसरं, चष्मा. पोलराइज्ड चष्म्याशिवाय दिवसा पाण्यावर नुसती चकाकी दिसते.

तिसरं, आणि हे कुणी सांगत नाही: यात मासा सोडून देणं नसतं. गळाला लागलेला लहान मासा परत सोडता येतो. बाण लागलेला मासा मेलाच. म्हणून इथे बहुतेक राज्यांत शौकिनांच्या आवडीचे बास, ट्राउट असले मासे बाणाने मारायला बंदी आहे. परवानगी असते ती कार्प आणि गार नावाच्या माशांना. परवाना काढावा लागतो. कार्प मुळात बाहेरून आणलेला, इथे बोकाळलेला. इलिनॉय नदीत तर सिल्व्हर कार्प इतका झालाय की होडीच्या इंजिनाच्या आवाजानं मासे पाण्याबाहेर उड्या मारतात आणि लोक ते हवेत टिपतात. आपल्या रोहू-कटल्याचाच भाऊबंद, पण इथे त्याला नको असलेला पाहुणा समजतात. तुम्ही आधी ठरवा, तिकडे कोणता मासा 'मारला तरी चालेल' असा आहे.

अपूर्णांक

चष्म्यामागचंही सांगून टाकतो, राहवत नाही. पाण्यावरून परावर्तित होणारा उजेड ध्रुवित, म्हणजे बराचसा एकाच दिशेत कंप पावणारा, असतो, आणि उभ्या रेषेपासून ५३ अंशांच्या आसपास तो जवळपास पूर्ण ध्रुवित होतो. तुम्ही साधारण त्याच कोनातून बघत असता. पोलराइज्ड काच तेवढाच उजेड गाळते आणि खालचा मासा उघडा पडतो.

मासाही तुम्हाला बघतोच. वरचं सगळं जग त्याला सुमारे ९७ अंशांच्या शंकूत, डोक्यावरच्या एका गोल खिडकीत कोंबलेलं दिसतं. क्षितिजालगतच्या गोष्टी त्या खिडकीच्या कडेला चपट्या होऊन बसतात. म्हणून वाकून, लांबून गेलात तर त्याला कमी दिसता, ताठ उभे राहून जवळ गेलात तर पूर्ण दिसता. पण लांबून गेलं की नेमाची चूक वाढते. दोन्ही बाजूंनी पंचाईत.

चक्रम_राव

अर्जुनाला हे सगळं माहीत होतं का? खाली पाण्यात बघून वरच्या माशाचा डोळा फोडला म्हणे. अपवर्तनाचं गणित स्वयंवराच्या मंडपात केलं की घरून करून आणलं?

अपूर्णांक

त्याची गरजच नव्हती. मासा वर टांगलेला, पाण्यात दिसलं ते प्रतिबिंब. उजेड पाण्यात शिरलाच नाही, पृष्ठभागावरून परत आला. परावर्तनात असली चूक येत नाही, फक्त उलटं दिसतं. अर्जुनाचा पेपर आपल्या तिरंदाजांच्या पेपरपेक्षा सोपा होता असं माझं स्पष्ट मत आहे.

चक्रम_राव

द्रौपदीला कळवतो.

बंदरावरचा_बाबू

नोकरीनिमित्त काही काळ पोर्ट ब्लेअरला होतो, म्हणून लिहितो. ज्यांना हे खरंच येतं ते लोक आपल्याच देशात आहेत. अंदमानातले जारवा ओहोटीला किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात धनुष्यबाण घेऊन उतरतात. पुरुष बाणाने मारतात, बायका हातजाळ्यांनी मासे धरतात. रिळं नाहीत, चष्मे नाहीत. उत्तर सेंटिनल बेटावरचे सेंटिनेलीही असेच धनुर्धारी. १९८१ मध्ये त्यांच्या खडकावर प्रिमरोझ नावाचं मालवाहू जहाज अडकलं, आणि अशा जहाजांचं लोखंड काढून त्यांनी आपली हत्यारं केली.

मुद्दा असा की तिथे प्रवाळाचा तळ आहे. चिखल नाही. पाणी इतकं स्वच्छ की कमरेएवढ्या पाण्यात पायाची नखं दिसतात. हत्यार जिथलं पाणी तसं असतं. निवटीदादांच्या पाण्यानं त्यांना पाग दिला, जारवांच्या पाण्यानं धनुष्य. तिथे जाऊन बघायचा विचार कुणाच्या मनात आला असेल तर १९५६ च्या नियमनानुसार त्यांच्या राखीव भागात बाहेरच्याला प्रवेश नाही, आणि तेच बरं आहे. रस्त्यावरून जाणाऱ्या पर्यटकांनी त्यांना पुरेसा त्रास दिलाय.

बत्तीवाला

सगळे नितळ पाण्याच्या मागे का लागलेत? आमच्या मुरबाडकडे सगळ्यात जास्त मासे गढूळ पाण्यातच मारले जातात, तेही बघून.

पहिला दणदणीत पाऊस झाला, ओढे आणि शेतं एक झाली, की नदीतला मासा अंडी घालायला उलटा चढतो. वलगण. शिंगटी, मरळ, मुऱ्या, मिळेल त्या वाटेनं भातखाचरात शिरतात. पाणी घोट्याएवढं, माशाची पाठ अर्धी बाहेर. रात्री बत्ती घेऊन जायचं, आता सगळे बॅटरीच नेतात, आणि दिसला की कोयता. काही जण नुसत्या काठीनं मारतात. तिथे ना अपवर्तन ना चष्मा.

अपूर्णांक

अपवर्तन तिथेही आहेच, फक्त पाणी इतकं कमी की जाणवत नाही. ४५ अंशांतून दहा सेंटीमीटर पाण्यात चूक चारेक सेंटीमीटर. कोयत्याचं पातं त्याच्या कितीतरी पट लांब. चूक पात्यात झाकली जाते. बाणाच्या टोकाला ही सवलत नाही.

वसुधा_ऐरोली

बत्तीवाला, राग मानू नका, पण वलगणीवर मला कायम बोलायचं असतं. त्या रात्री चढणारी प्रत्येक मादी अंड्यांनी भरलेली असते. तिला खाचराच्या तोंडावरच कापायची आणि मग 'आता पूर्वीसारखे मासे राहिले नाहीत' म्हणून पुढचं वर्षभर हळहळायचं. समुद्रात १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना बंदी असते ती याच कारणासाठी. गोड्या पाण्यात मात्र आपण नेमकी तीच वेळ सण म्हणून साजरी करतो.

बत्तीवाला

ताई, राग नाही. पण घोटाभर पाण्यात चार घरं चार टोपल्या भरतात, त्यानं नदी रिकामी होत नाही. नदी रिकामी होते ती वर बंधारे घातल्यामुळे, कारखान्यांच्या पाण्यामुळे, आणि ब्लीचिंग पावडर नि सुरुंग टाकणाऱ्यांमुळे. स्फोटकं आणि विष घालून मासे मारणं १८९७ पासून गुन्हा आहे, तरी चालतंच. आमच्या आजोबांच्या वेळीही वलगण होतीच की.

वसुधा_ऐरोली

आजोबांच्या वेळी बॅटऱ्या नव्हत्या आणि गावाबाहेरून गाड्या भरून माणसं येत नव्हती. शनिवार-रविवारी तुमच्याकडे पुण्या-मुंबईहून किती जण 'वलगणीच्या अनुभवाला' येतात ते बघा. बाकी विषाचं तुमचं म्हणणं सोळा आणे खरं.

बत्तीवाला

गाड्यांचं कबूल. गेल्या खेपेला आमच्याच बांधावर सेल्फीसाठी रांग होती.

निवटी

या भांडणात मी वसुधाताईंकडून. बोय अंड्यांवर आली की आमची आजी पाग फेकू द्यायची नाही. कायदा वगैरे तिला ठाऊक नव्हता.

कळव्याचा_तिरंदाज

मंडळी, धागा माझ्या अपेक्षेपेक्षा चांगला चाललाय. आतापर्यंत मला कळलेलं: खाडी बाद (गाळ), येऊर आणि अभयारण्यं बाद (कायदा), वलगण बाद (वसुधाताई). उरलं शेततळं. ओळखीतल्या एकांचं शहापूरच्या पुढे आहे. त्यात तिलापिया माजलाय, दुसरं काही वाढू देत नाही म्हणून ते वैतागलेत. ओहायोकर विचारत होते ना, मारला तरी चालेल असा मासा कोणता? हा बघा, मूळचा आफ्रिकेतला, आपल्याकडे बोकाळलेला. पाणी हिवाळ्यात बऱ्यापैकी निवळतं म्हणतात.

@ओहायोतला_ठाणेकर, तिलापिया तसा लहान मासा. चालेल का?

ओहायोतला_ठाणेकर

लहान मासा बाणाला अवघड, पण सरावाला उत्तम. दोन गोष्टी. शेततळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरलेला असेल तर पहिल्याच बाणाला कागदाला भोक आणि मालकाशी मैत्री खल्लास. मातीचं तळं असेल तरच जा. दुसरं, कधीही पाण्यावर अगदी सपाट, लांबवर बाण सोडू नका. तिरका लागला की तो पाण्यावरून उसळतो आणि समोरच्या काठावर कोण उभं आहे ते बाण बघत नाही. समोर माणूस, गुरं, वस्ती काही नको. जवळ जा आणि तीव्र कोनातून खाली मारा. नेमाची चूकही कमी होते, सरांनी सांगितलंच आहे.

पारसिककर

मालकाची परवानगी लेखी घ्या. व्हॉट्सॲपवर असली तरी चालेल, पण असू द्या. धनुष्य नेताना बॅगेत, प्रत्यंचा उतरवून. लोकलमध्ये कुणी विचारलं तर स्पर्धेची ओळखपत्रं उपयोगी पडतात, तुमच्याकडे नसतील म्हणा.

कळव्याचा_तिरंदाज

तळं मातीचंच आहे, खात्री केली. तोवर सराव म्हणून जुन्या प्लास्टिकच्या टाकीत पाणी भरून तळाशी स्पंजचे तुकडे खिळ्याला टोचून ठेवलेत, वेगवेगळ्या खोलीवर. गच्चीवर नाही, गावच्या वाड्यात, मागे मातीची भिंत आहे. तिरकं मारलं की बाण वरूनच जातोय, सर म्हणाले तसा. मुद्दाम खाली मारायला मन तयार होत नाही, हात आपोआप वर येतो.

अपूर्णांक

मनाला समजावू नका. स्पंजच्या खाली, दिसतं त्याच्या बरंच खाली एक रंगीत खडा ठेवा आणि त्या खड्यावर नेम धरा. किती खाली ठेवायचा ते दोन-तीन बाणांत कळेल. मग खडा काढून टाका.

शेवग्याची_शेंग

तिलापिया मिळाला की कळवा. खवलं जाड असतात, आधी सोलून घ्या. निवट्यांची कृती वर मागितली होती ना: राख किंवा मीठ लावून बुळबुळीतपणा आधी पूर्ण काढायचा, नाहीतर सगळं वाया. आलं, लसूण, कोथिंबीर, मिरची वाटून, हळद, घरचा मसाला, आंबोशी नसेल तर चिंच. पाणी बेताचं. झाकण ठेवून एक उकळी, जास्त शिजवायच्या नाहीत.

निवटी

शेंगताई, राखच. मिठानं नाय निघत सगला. आणि मिरची हिरवीच.

गढूळ_पाणी

राख आता ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये आणायची कुठून?